मी गप्प पडून राहते

४ तारीख, मंगळवार

गल्लीतल्या डॉक्टरनं आज हात टेकले. म्हणाला, "मोठ्या दवाखान्यात जा, बुधवारी तिथं डोक्याची डॉक्टरीण बसते." एवढं बोलायला या माणसाला अख्खा उन्हाळा लागला. आधी म्हणाला पित्त. मग म्हणाला उष्णता, इस्त्रीपाशी उभी राहतेस ना. मग म्हणाला दात, आणि दातवाल्याकडे धाडलं. त्यानं उजवीकडची वरची दाढ उपटली. चांगली खणखणीत दाढ, कीड नाही की काही नाही. दुखणं होतं तिथंच. परत गेले तर म्हणतो, "मग तिच्या शेजारची असेल." मनात म्हटलं, शेजारची तुझ्या तोंडातली काढ. बोलले नाही, तोंडात बोळा होता.

दुकानाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहितेय. सातवीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर लिहिले ते फक्त गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरचे नंबर. पण कोणाशी बोलायची सोय नाही, म्हणून हे. आमचे हे वाचतील ही भीती नाही. दुकानाची पाटी उलटी टांगली होती, तर ह्यांना ते गिऱ्हाइकानं सांगितलं.

दुखणं असं. उजव्या डोळ्याच्या मागं कोणीतरी तापलेली इस्त्री टोकानं आत ढकलतं. हळूहळू नाही, एकदम. बहुतेक दुपारीच, कपड्यांचे गठ्ठे समोर असताना. मग मी मागच्या खोलीत जाते, कडी लावते आणि चालते. बसवत नाही, पडवत तर मुळीच नाही. डोळा दाबून धरते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते, आणि अगदीच सोसेना झालं की भिंतीवर डोकं आपटते. आपटलं की तेवढा वेळ दुसरं काहीतरी दुखतं. कधी तासाभरानं जसं येतं तसं जातं. मग तोंड धुऊन बाहेर येते आणि कॉलर दाबायला घेते.

गोटीला आत घेते. चालायला लागलीय, बाहेर गरम इस्त्र्यांपाशी कशी सोडू? ती कपड्यांच्या बोचक्यावर बसून बघते. दीड वर्षाची पोर, तिला काय कळतंय.

डोकं दुखतं एवढं घरात ठाऊक आहे, पण हे आपटणं बाहेर कळता कामा नये. चुलत जावेचं काय झालं ते मला पक्कं ठाऊक आहे. बाळंतपणानंतर ती चौकटीवर डोकं आपटायची. घरातले म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला, चार दिवस माहेरी जाऊन विश्रांती घे. पोरगा इकडंच ठेवून घेतला. ते चार दिवस अजून संपले नाहीत. आता कधीतरी येते तर पोरगा तिला मावशी म्हणतो. हे सगळं माझ्या नणंदेनं मला जेवता जेवता सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

५ तारीख, बुधवार

मोठा दवाखाना. बाकावर बसून माझ्या पाठीचं लाकूड झालं. गोटी कडेवर.

तिथं एकेक नमुने आहेत. एक वेल्डिंगवाला आडदांड माणूस, हातावर ठिणग्यांचे डाग. बसायचं नाव नाही. या टोकाला जातो, त्या टोकाला जातो, पिंजऱ्यातल्या अस्वलासारखा. मी त्याचं नाव येरझाऱ्या ठेवलं. एवढा दांडगा गडी आणि चारचौघांत डोळा धरून कण्हतो. लाज कशी वाटत नाही? बायको शेजारी बसून सगळ्या जगाला त्याची कहाणी सांगत होती. आवाज असा की भोंगाच. मला म्हणाली, "तुझं कुठलं गं दुखतं? आमच्या ह्यांचा डावा डोळा. वर्षातून एकदा पाळी येते त्यांची, मग दहा महिने सुखाचे." नवऱ्याची पाळी म्हणे. बाईला तोंडाला कुलूप म्हणून नाही.

डॉक्टरीण माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. कोटाची इस्त्री बघवत नव्हती, खिशाला चुणी तशीच. तिनं विचारलं, "दुखताना तुम्ही काय करता?"

म्हटलं, "मी गप्प पडून राहते. दिवा मालवून."

हे मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईचं बघून सांगितलं. तिचं डोकं दुखलं की ती कपाळावर ओला रुमाल घालून पडते. घरातले चवड्यावर चालतात, नवरा चहा करून आणतो. दुखावं तर असं, इभ्रतीनं.

"डोळा लाल होतो? पाणी येतं?"

"इस्त्रीची वाफ लागते."

"नाक गळतं?"

म्हटलं, "सगळ्यांचंच गळतं."

तिनं लिहून घेतलं आणि गोळ्या दिल्या. डोकं शांत होईल म्हणाली. बघू, हिचं तरी डोकं चालतं का.

८ तारीख, शनिवार

आमच्या ह्यांची अक्कल. इस्त्रीच्या टेबलावर अंथरायचं जुनं ब्लँकेट मी फेकायला काढलं होतं. ह्यांनी त्याची चौपदरी घडी केली आणि मागच्या खोलीत भिंतीला खिळे मारून ठोकलं.

"हे काय?"

"भिंतीला ओल येतेय. कपड्यांना लागेल."

ओल! भिंत कोरडी ठक्क. आणि ओल येते ती जमिनीकडून वर चढते, हे शेंबडं पोरही सांगेल. ह्यांनी ब्लँकेट लावलंय माझ्या कपाळाच्या उंचीवर. म्हटलं, "ओल काय उडी मारून येते?" तर मान खाली घालून कफ दाबत बसले. लग्नात मला सांगितलं होतं, मुलगा अबोल आहे. अबोल असणं वेगळं आणि डोक्यात काही नसणं वेगळं.

एक बरं झालं, दुपारी आवाज होत नाही आता.

गोटीला नवा खेळ सापडलाय. एका डोळ्यावर तळहात ठेवते आणि खोलीभर तुरुतुरु चालते. मग भिंतीला डोकं टेकवून माझ्याकडे बघते आणि हसते. लपाछपी शिकली वाटतं. हुशार आहे पोर, बापावर गेली नाही.

११ तारीख, मंगळवार

वकिलाचा पांढरा शर्ट जळला.

आलं ते इतकं अचानक की इस्त्री उभी करायलाही सुचलं नाही. तशीच आत पळाले. आज गोटीलाही घेतलं नाही. बाहेर आले तेव्हा दुकानात जळका वास, ह्यांच्या कडेवर गोटी, वायर उपटलेली, आणि शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा हा एवढा तपकिरी छाप.

संध्याकाळी वकील आला. हे पुढं झाले. "माझ्याकडून झालं साहेब. डोळा लागला." भर दुपारी उभ्या माणसाचा डोळा लागतो? खोटं बोलायलाही अक्कल लागते. वकील म्हणाला, "उभ्यानं घोडे झोपतात." आणि हे हसले. घोडा म्हटल्यावर हसले!

वायर टेबलावरून खाली लोंबत होती. गोटीचा हात आता टेबलाच्या कडेपर्यंत पोचतो. हेच सारखं डोळ्यांपुढं येतंय.

गोळ्या घेतेच आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

१४ तारीख, शुक्रवार

नणंद आली होती. आम्ही तिला ताई म्हणतो. दोन गल्ल्या सोडून राहते, तिचे मुलगे मोठे झाले, आता दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला वेळच वेळ. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, पापणी उतरलीय एक. रात्री झोपत नाहीस का?"

"झोपते की."

"गोटीला चार दिवस माझ्याकडे ठेवते. तू जरा आराम कर."

चार दिवस. बरोबर तेवढेच. मी म्हटलं, "तिला माझ्याशिवाय झोप येत नाही." ताई म्हणाली, "सवय काय, लागते." आणि गोटीला असं छातीशी धरलं, जणू दुकानातून पसंत करून घेतलीय.

गेल्यावर मी गोटीचे सगळे कपडे धुवायला टाकले. ओले असले म्हणजे न्यायला काही नाही.

१९ तारीख, बुधवार

परत मोठा दवाखाना. आज सगळी जत्रा बघितली.

येरझाऱ्याच्या बायकोनं, त्या भोंग्यानं, मला शेजारी बसवूनच घेतलं. तिच्याकडून कळलं की त्या बाकावरच्या सगळ्यांना एकच रोग आहे. क्लस्टर डोकेदुखी. "घोसानं येते, म्हणून तसं नाव," ती म्हणाली. घोस द्राक्षांचा असतो, दुखण्याचा कुठं असतो? आणि एकच रोग म्हणे! एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. येरझाऱ्याचं ठरावीक महिन्यात येतं आणि जातं. कोपऱ्यात एक शिक्षिका बसते, तिला वर्षभर सुट्टी नाही. येरझाऱ्याचा डोळा टोमॅटोसारखा लाल होतो, शिक्षिकेचा होतच नाही. तिला उलट्या होतात, ती अंधारात पडून राहते, त्याला जमिनीला पाठ लावणं माहीत नाही. एक व्यायाम करणारा पोरगा आहे, दंड दाखवणारा बनियन घालून येतो. त्याचं आधी डावीकडे होतं, यंदा उजवीकडे. घर बदलावं तसं. त्याला दारूचा घोट गेला की हजर, शिक्षिकेनं दारू बघितलीही नाही. दुपारी जेवणानंतर एकाला, पहाटे दुसऱ्याला.

मी म्हटलं, "रोग एक आणि तऱ्हा इतक्या? मग खोटं कोण बोलतंय?"

भोंगा म्हणाली, "तू इस्त्री करतेस ना? सगळं कापड सारखं जळतं का?"

याला म्हणतात अतिशहाणपणा. सुती पिवळं पडतं, रेशीम आकसतं, नायलॉन चिकटूनच बसतं. हे मला माहीत असायचं, हिला कशाला?

तेवढ्यात येरझाऱ्याला आलं. भिंतीशी गेला आणि कपाळ आपटायला लागला. धप, धप. सगळा दवाखाना बघतोय. कोणी कुजबुजतंय, कोणी पोरांना पलीकडे ओढतंय. अशी शोभा! आणि गोटी माझ्या मांडीवर उभी राहिली, त्याच्याकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई!"

लोक हसले. मी तिचं बोट खाली केलं. अजून तिला माणसं नीट ओळखता येत नाहीत. बाप्यालाही आई म्हणते.

नर्सनं येरझाऱ्याच्या तोंडाला मास्क लावला, ऑक्सिजन दिला. थोड्या वेळात गडी डोळे पुसत बसला आणि म्हणतो, "चहा मिळेल का कुठं?" म्हणजे झालं नाटक. शिक्षिका हळूच म्हणाली, "मला त्यानं काही होत नाही. यांचं नशीब." मग माझ्याकडे निरखून बघून म्हणाली, "तुझी उजवी पापणी..."

म्हटलं, "जन्मापासून आहे."

डॉक्टरणीनं विचारलं, "गोळ्यांनी फरक?" म्हटलं, थोडा. काहीच नाही म्हटलं तर आणखी विचारील. "दुखताना अजून पडूनच राहता?" म्हटलं, "हो. गप्प." तिनं पेन गालाला लावून माझ्याकडे बघितलं. मग गोळ्या बदलल्या. शिकून शिकून हेच शिकतात, एक गोळी काढून दुसरी द्यायची.

२३ तारीख, रविवार

व्हायचं ते झालं.

ताई आली होती. मी पुढं कपड्यांच्या घड्या घालत होते, ताई मागच्या खोलीत गोटीशी खेळत होती. एकदम ओरडली, "अगं, पोरीला काय होतंय बघ!"

गोटी डोळ्यावर हात दाबून चालत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग ब्लँकेटच्या खाली, जिथं नुसती भिंत आहे तिथं, कपाळ आपटलं. हळू नाही. कपाळ लाल झालं. आणि तोंडानं "ऊं, ऊं" असा आवाज.

तो आवाज मला कुठंतरी ऐकल्यासारखा वाटला. मग कळलं कुठं.

ताईनं तिला उचललं. "हिचं डोकं दुखतंय! आईचं पोरीत उतरलं. तरी मी म्हणत होते." ह्यांना बोलावलं. "बुधवारी मी पण येते दवाखान्यात. पोरीला दाखवायचं. आणि तिथून पोरगी माझ्याकडे. ही स्वतःचं डोकं सांभाळील की पोरीचं?"

हे माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं. ओठ हललेसुद्धा. पण नाही. दगडाला पाझर फुटेल, ह्यांना शब्द फुटणार नाही.

मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, ती खेळतेय. पण मग पुढचं, कोणाचा खेळ? कोणाकडून शिकली? मी घड्या घालत राहिले. एकाच शर्टाची घडी मोडून परत घातली.

२४ तारीख, सोमवार

गोटीला मागच्या खोलीत नेलं नाही. आलं तेव्हा बाहेरच टेबल धरून उभी राहिले. बघितलं, जमतं का गप्प राहायला. नाही जमलं. गिऱ्हाइकानं विचारलं, "वहिनी, रडताय?" म्हटलं, "नाही, डोळ्यात कचरा गेलाय." त्यानं रुमाल पुढं केला. तो मीच इस्त्री केलेला.

२६ तारीख, बुधवार

हे लिहायला बसलेय पण शब्द धड जुळत नाहीत.

आम्ही चौघं गेलो. मी, हे, ताई आणि ताईच्या कडेवर गोटी. डॉक्टरीण मला काही विचारायच्या आत ताई म्हणाली, "हिचं राहू द्या, आधी पोरीचं बघा." आणि सगळं सांगितलं. डोळा धरते, चालते, कण्हते, डोकं आपटते.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. गोटीच्या डोळ्यात बॅटरी मारली. गोटीनं बॅटरीच धरली. मान दाबून बघितली, पाय बघितले. मग म्हणाली, "इतक्या लहान मुलीला असं होत असेल तर थांबून चालणार नाही. आज रक्त घेऊ. मग भूल देऊन डोक्याचा फोटो काढावा लागेल."

"भूल?" हे म्हणाले.

"ती हलली तर फोटो येत नाही."

ताई रडायला लागली. रडता रडता ह्यांना म्हणाली, "आजच्या आज पोरगी माझ्याकडे. तू काही बोलू नकोस." जसे काही हे बोलणारच होते.

नर्सनं गोटीला मांडीवर घेतलं आणि दंडाला रबर बांधलं. दंड तो केवढा, रबराचे किती वेढे घ्यावे लागले. शीर सापडेना. टिचकी मारते, चोळते, परत टिचकी. गोटी रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी हसले की ती हसणार, मी रडले की ती रडणार, असं बघत होती. सुईचं टोपण निघालं.

म्हटलं, "थांबा."

कोणी ऐकलं नाही. मग मी ओरडलेच, "थांबा! तिला काही झालेलं नाही. ती माझं करते."

"तुमचं काय करते?" डॉक्टरीण म्हणाली.

"मी करते ते करते. मला दुखतं तेव्हा."

"तुम्ही तर पडून राहता ना?"

"नाही राहत."

"मग काय करता?"

तोंडानं कसं सांगायचं ते? मी उठले. तळहात डोळ्यावर ठेवला. तिच्या टेबलापासून दारापर्यंत गेले, दारापासून टेबलापर्यंत आले. कमरेत वाकून, डुलत, जशी घरी चालते तशीच. सगळे बघत होते. ताई बघत होती. आता एवढं केलंच होतं, म्हणून भिंतीशी गेले. दवाखान्याची भिंत फरशीची, गार. तिच्यावर कपाळ टेकवलं.

मागं पावलं वाजली. गोटी नर्सच्या मांडीवरून घसरली होती. दंडाला रबर तसंच. एका डोळ्यावर हात ठेवून माझ्या मागनं आली, माझ्या शेजारी उभी राहिली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर भिंतीला कपाळ लावलं आणि वर बघून हसली.

दार उघडंच होतं. बाहेर येरझाऱ्या चालता चालता थांबला होता. बायकोला म्हणाला, "हिचा उजवा आहे गं."

डॉक्टरणीनं नर्सला सुई ठेवायला सांगितली. गोटीला म्हणाली, "ये गं नकलाकार," आणि बॅटरी तिला देऊन टाकली. मग मला पहिल्यापासून सगळं परत विचारलं. डोळा लाल होतो? हो. पाणी? हो. त्याच बाजूचं नाक? हो. पापणी? हो.

"पण तुम्ही म्हणालात वाफेनं होतं."

म्हटलं, "वाफ दोन्ही डोळ्यांना लागते बाई. लाल एकच होतो."

हे मी आधी का बोलले नाही? मला माहीतच होतं की.

वाटलं, आता ही मला फाडून खाणार. तर ती म्हणाली, "मी तुम्हाला भलत्याच दुखण्याच्या गोळ्या देत होते. तुम्हालाही क्लस्टर आहे. काही जणी खरंच पडून राहतात, बाहेरच्या शिक्षिकाबाई राहतात. त्यांचंही आधी चुकलंच होतं. तरी मी आणखी खोदून विचारायला हवं होतं." कोटाच्या खिशाची चुणी आजही तशीच होती.

मी ताईकडे बघितलं नाही. ती काय बोलेल ते मला पाठ होतं. डोक्यावर परिणाम. चार दिवस माहेरी. गोटीचा फ्रॉक मी मुठीत धरून ठेवला होता.

ताई ह्यांना म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

हे म्हणाले, "मग भिंतीला ब्लँकेट कोणी लावलं?"

ओल म्हणे! इतके दिवस मी त्या ब्लँकेटवर डोकं आपटलं आणि लावणाऱ्याला मूर्ख म्हटलं. माणसानं एवढं गप्प असावं का? तोंड उघडून एकदा विचारलं असतं तर? पण मग मीही खोटंच सांगितलं असतं. गप्प पडून राहते म्हणून.

ताई खाली बसली. गोटीच्या दंडाचं रबर सोडवलं आणि हातात घेऊन ताणत बसली. मग म्हणाली, "ती पण एकच डोळा धरायची गं."

ती म्हणजे चुलत जाऊ.

"आम्हाला वाटलं, लाजेनं तोंड झाकते."

२९ तारीख, शनिवार

सकाळी घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आला. भोंगा दाखवायला आली, कोणी बोलावलं नसताना. चाव्या कशा फिरवायच्या, मास्क कसा घट्ट धरायचा, सगळं गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "आणि ह्यांच्या वेल्डिंगच्या कामातला नव्हे हां, हा वेगळा. जवळ विस्तव नको, इस्त्री नको." तेव्हापासून आमचे हे वेडेच झालेत. मी नुसता डोळा चोळला तरी दुकानातली बटणं बंद करतात, वायरी उपटतात, इस्त्र्या उचलून रस्त्याच्या बाजूला नेऊन ठेवतात. आज एक गिऱ्हाईक म्हणालं, "दुकान विकायला काढलं का?"

३० तारीख, रविवार

आज दुपारी पहिल्यांदा मास्क लावला. येरझाऱ्याचं जातं तसं लख्ख गेलं नाही. माझं उशिरा उतरलं, आणि मागं थोडं ठणकत राहिलं. म्हणजे इथंही माझी तऱ्हा वेगळीच. पण बसता आलं. पाठ टेकून, एका जागी. किती दिवसांनी.

ताई दुपारची गोटीला बघायला येते. नेत नाही, इथंच बसते. तरी मी डोळ्यात तेल घालून बघते, माणसाचा काय भरवसा. उद्या ती जावेच्या माहेरी जाणार आहे. डॉक्टरणीचं नाव माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, म्हणाली, "पोरालाही सोबत नेते." वरातीमागून घोडं! पोरगा मावशी म्हणायला शिकून गेला, आता निघाली. मी तोंडावर म्हटलं तसं. ताईनं कागदाची घडी घातली, ती पण वाकडी. मी तिच्या हातातून घेतली आणि नीट घालून दिली.

मी मास्क लावून बसले तर गोटी आत जाऊन वाटी घेऊन आली. माझ्या शेजारी फतकल मारून बसली, वाटी नाकावर उपडी धरली, डोळे मिटले आणि फू फू करत राहिली. चालली नाही. उठली पण नाही. मी मास्क काढला तेव्हाच तिनं वाटी काढली. नाकावर गोल वळ उठला होता.

संध्याकाळी हे पक्कड घेऊन मागच्या खोलीत उभे होते. म्हणाले, "ब्लँकेट काढू का आता?"

म्हटलं, "राहू द्या. ओल येते."